बातमीचा बहुरूपी



आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी बहुरूपी पाहिला असेल. सकाळच्या प्रहरी खाकी पोशाख चढवलेला एक फौजदार दारात उभा राहतो, दरडावून घरच्या यजमानांचे नाव विचारतो आणि खिशातून कागद काढून त्यांच्यावरील आरोप वाचू लागतो. पोरे घाबरून आईच्या पदराआड लपतात. मग आरोपांची यादी इतकी विचित्र होत जाते की आजी प्रथम हसते, मागून आई हसते आणि शेवटी पोरेही हसतात. फौजदार टोपी काढून हात पुढे करतो, बिदागी घेतो व पुढच्या दारी जातो.

आपल्या इतिहासात वेषांतराचा दुसराही एक मासला आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. त्या शंकेचा लाभ घेऊन एका मनुष्याने 'मीच तो भाऊ' असा डाव मांडला. पुष्कळांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कोकणातील काही किल्लेही काही काळ त्याच्या हाती गेले. अखेर १७७६ साली त्याला पकडून देहांताची शिक्षा झाली. तो भाऊसाहेबांचा तोतया.

बहुरूपी आणि तोतया, दोघेही सोंगच घेतात. मग एकाला आपण बिदागी का देतो आणि दुसऱ्याला शिक्षा का देतो? उत्तर सोपे आहे. बहुरूप्याचे सोंग सोंग म्हणून ओळखू येते. त्याच्या येण्याची रीत ठरलेली, बोलण्याचा सूर ठरलेला, टोपी काढून हात पुढे करणेही ठरलेले. तोतयाची सारी धडपड मात्र सोंग ओळखू येऊ नये यासाठी असते. आज मी बातमीची थट्टा करणाऱ्या एका पॉडकास्टविषयी बोलणार आहे. ही दोन माणसे तेवढा वेळ आपल्या ध्यानात असू द्यावीत.

प्रथम पॉडकास्ट म्हणजे काय ते पाहू. आकाशवाणीचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. आपण त्या वेळी यंत्रापाशी नसलो तर तो गेला. पॉडकास्ट हे असे ध्वनिमुद्रण, की ते तयार झाल्यावर वर्गणीदाराच्या यंत्रात आपोआप येऊन पडते. दूधवाला दुधाची पिशवी दाराला अडकवून जातो, आपण उठू तेव्हा ती आत घेतो, तसेच हे. २००४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील 'द गार्डियन' या पत्रात बेन हॅमर्स्ली या लेखकाने 'आयपॉड' व 'ब्रॉडकास्ट' हे दोन शब्द जोडून हे नाव सुचवले. २००५ च्या जूनमध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये अशा कार्यक्रमांची सोय केली आणि ही गोष्ट सामान्य माणसाच्या हाती आली. तिला प्रक्षेपणाचा मनोरा लागत नाही, तासाची मर्यादा नाही, मधला व्यवस्थापक नाही. एक ध्वनिग्राहक आणि बोलण्यासारखे काही असले म्हणजे झाले.

या नव्या सोयीचा लाभ घेऊन १४ ऑक्टोबर २००७ रोजी लंडनच्या 'द टाइम्स' या पत्राच्या वतीने 'द ब्यूगल' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. ब्यूगल म्हणजे आपला बिगूल. जॉन ऑलिव्हर व अँडी झाल्ट्झमन हे दोन इंग्रज विनोदकार तो चालवीत. दोघांचा स्नेह जुना. रंगमंचावर आणि बीबीसीच्या नभोवाणीवर त्यांनी पूर्वी एकत्र काम केले होते. २००६ साली ऑलिव्हर न्यूयॉर्कला गेले व 'द डेली शो' या बातम्यांची टर उडवणाऱ्या दूरदर्शनी कार्यक्रमात वार्ताहराची भूमिका करू लागले. झाल्ट्झमन लंडनलाच राहिले. तेव्हा एक जण अटलांटिकच्या या तीरावर, दुसरा त्या तीरावर, अशा स्थितीत दर आठवड्याला दोघे जगाच्या बातम्यांवर बोलत व ते बोलणे मुद्रित होऊन श्रोत्यांकडे जाई.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, 'दोन मित्र बातम्यांवर गप्पा मारतात, यात नवल ते काय? आमच्या कट्ट्यावर रोज तेच चालते.' खरे आहे. पण कट्ट्यावरच्या गप्पा आणि हा कार्यक्रम यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कट्ट्याला सदरे नसतात. या कार्यक्रमाला आहेत.

सदर हा शब्द आपण वृत्तपत्रातून घेतला आहे. मजकूर रोज बदलतो, पण त्याच्या डोक्यावरील नाव व त्याची जागा बदलत नाही, ते सदर. सदराची ओढ काय असते हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. अच्युतराव कोल्हटकरांच्या 'संदेशा'तील वत्सलावहिनींची पत्रे वाचण्यासाठी लोक अंकाची वाट पाहत. 'ब्यूगल'ने हीच युक्ती उचलली. आपला कार्यक्रम म्हणजे एक वृत्तपत्रच आहे असे सोंग त्याने घेतले आणि वृत्तपत्राची सारी अंगे कानाने ऐकण्याजोगी केली.

आता ती सदरे एकेक पाहू.

आरंभीच घोषणा होते, की हा 'ब्यूगल'चा अमुक क्रमांकाचा अंक, अमुक सोमवारी सुरू होणाऱ्या आठवड्यासाठी. आणि हे आहे 'दृश्य जगासाठी ध्वनिवृत्तपत्र'. या बिरुदातच पहिली थट्टा आहे. जग डोळ्यांनी पाहू लागले, छापील पत्रे चलच्चित्रांच्या मागे लागली, अशा वेळी ही मंडळी वृत्तपत्र वाचून नव्हे तर ऐकून घ्या म्हणतात. ती घोषणा सर्वस्वी गंभीर सुरात होते. फौजदार दारात उभा राहिला, असे समजावे. त्यापाठोपाठ बहुधा त्या तारखेला इतिहासात काय घडले याचा उल्लेख येतो. घटना खरी असते. तिचा निष्कर्ष मात्र भलताच असतो.

मग येते ते या कार्यक्रमाचे सर्वांत प्रसिद्ध सदर, केराच्या टोपलीचे. रविवारची जाडजूड इंग्रजी पत्रे हाती घेणारा वाचक काय करतो? प्रवासाची पुरवणी, मोटारींची पुरवणी, बागकामाची पुरवणी उलगडूनही न पाहता बाजूला टाकतो. 'ब्यूगल'ने या सवयीचाच विनोद केला. दर अंकात झाल्ट्झमन जाहीर करतात की या आठवड्याच्या पत्रातील एक विभाग नेहमीप्रमाणे थेट केराच्या टोपलीत जात आहे. आणि मग त्या काल्पनिक विभागात काय काय होते याची यादी देतात. आपल्याकडे हे सदर असते तर कसे झाले असते याचा नमुना मी माझ्या पदरचा देतो: 'या आठवड्याची आंबा पुरवणी केराच्या टोपलीत जात आहे. तीत पुढील मजकूर होता: देवगडचा हापूस ओळखण्याच्या सात खुणा, कर्नाटकातील बागायतदारांकडून, आंबा परवडत नसल्यास पेटीकडे पाहून समाधान कसे मानावे, आणि जावयाला दुसरा आंबा न वाढण्याच्या सभ्य रीती.' आपण हसलात. पण ज्या पुरवण्यांच्या छापाने असा मजकूर रचला त्या खऱ्या पुरवण्या यापुढे आपण थोड्या निराळ्या नजरेने पाहाल. जे पत्र आपलाच एक भाग स्वतःच्या हाताने केरात टाकते, ते वाचकाला हेही सांगते की बाबा रे, छापले आहे म्हणून सारेच वाचण्यासारखे असते असे नाही.

यानंतर आठवड्यातील मुख्य बातमी. येथे वस्तुस्थिती खरी असते, हे लक्षात ठेवावे. निवडणूक, युद्ध, अर्थसंकट, पुढाऱ्याचे भाषण, जे घडले तेच आधी सांगितले जाते. २००८ साली जगभरच्या बँका कोसळल्या. अशा गोष्टी हसत हसत बोलायच्या तर आधी त्या नीट समजाव्या लागतात. ज्याला मूळ बातमी ठाऊक नाही त्याला तिचे विडंबन कळत नाही. म्हणून बातमी सांगणे हे विनोदकाराचेच काम होऊन बसते. अनेक तरुण श्रोत्यांना बातमी प्रथम येथेच कळते. ही गोष्ट चांगली की वाईट, याकडे मी पुढे येणार आहे.

काही सदरे निव्वळ मौजेची होती. सुरुवातीच्या वर्षांत एक ध्वनिशब्दकोडे असे. चौकटी दिसत नाहीत, आडवे-उभे शब्द दिसत नाहीत, नुसती शोधसूत्रे कानावर पडतात. आणि तीही इंग्रजी पद्धतीची, मुद्दाम गूढ केलेली. डोळ्यांच्या खेळाला कानाचा खेळ करून तो अशक्य करून ठेवणे, हीच गंमत. 'इतिहासातील देखणी माणसे' असेही एक सदर होते. श्रोत्यांनी एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीचे नाव सुचवावे व तिच्या रूपाचे समर्थन करावे. विषय पोरकट, पण त्या निमित्ताने पुष्कळ श्रोत्यांनी जुनी चित्रे व चरित्रे चाळली असतील, यात शंका नाही.

एक सदर मृत्युलेखाचे. ज्यांच्या जाण्याने जगाला दुःख झाले नाही अशा जुलमी माणसांसाठी हा उलटा मृत्युलेख. त्यात स्तुतीच्या जागी शिव्याशाप. त्याचे मूळ इंग्रजी नाव या व्यासपीठावरून उच्चारण्याजोगे नाही. एरवीही या कार्यक्रमाची भाषा वेळोवेळी असभ्य होते; ज्यांना ते खपत नाही त्यांनी आधीच सावध असावे.

आणि श्लेष! झाल्ट्झमन एखादा विषय घेऊन, म्हणजे पक्ष्यांची नावे म्हणा, चीजचे प्रकार म्हणा, एकापाठोपाठ एक कोट्या करीत सुटतात. ऑलिव्हर विव्हळत, विनवण्या करीत, थांबवण्याचा प्रयत्न करीत. त्याने वेग वाढे. मराठीत याची कल्पना यावी म्हणून भाजीमंडईचा एक घास देतो: 'नगरपालिकेची सभा भरली. पालकांनी तक्रार मांडली. अध्यक्ष म्हणाले, घे वडा आणि गप्प बस. तक्रारदार म्हणाला, झोप येत नाही हो काळजीने. अध्यक्ष म्हणाले, जरा पड, वळ, लागेल झोप. इतक्यात एक बाई विचारती झाली, अग, वार कोणता आज?' पहिल्या कोटीला माणूस हसतो, तिसरीला कपाळाला हात लावतो आणि आठवीला पुन्हा हसतो. पण ते हसू आता कोटीचे नसते, कोटी करणाराच्या हट्टाचे असते. पुनरुक्तीची ही किमया आहे. आपल्या तमाशातील बतावणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती नवी नाही. गण आणि गवळण कशी होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. म्हणूनच आज सोंगाड्या नवे काय बोलतो याकडे त्याचे कान लागतात. साचा जुना असला म्हणजे त्यात ओतलेले नवे चटकन दिसते.

सदरांचे पहिले काम हे: सवय लावणे. परंतु दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. सदर ही एक पाटी आहे. 'येथून पुढे थट्टा' असे ती सांगते. 'केराची टोपली' म्हटले की श्रोत्याला कळते, आता येईल ते रचलेले आहे. 'मुख्य बातमी' म्हटले की कळते, आता वस्तुस्थितीवर पाय आहे. याचे एक सुरेख प्रत्यंतर खुद्द झाल्ट्झमन यांच्याच जीवनक्रमात आहे. 'ब्यूगल'मध्ये ते बनावट आकडे बेधडक फेकतात. आणि तेच गृहस्थ बीबीसीच्या 'टेस्ट मॅच स्पेशल' या क्रिकेटच्या धावत्या वर्णनात गुणलेखक व आकडेतज्ज्ञ म्हणून बसतात. तेथे त्यांनी सांगितलेला आकडा क्रिकेटप्रेमी प्रमाण मानतात. माणूस एक, आवाज एक. पण कोणत्या पाटीखाली काय बोलायचे याचा विवेक पक्का. श्रोत्यांचीही कधी फसगत होत नाही.

पाटी काढून घेतली तर काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो.

१ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या भारदस्त कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील शेतकरी झाडांवरून स्पॅघेटी, म्हणजे शेवयांसारखा तो इटालियन पदार्थ, तोडत असल्याचे चित्र दाखवले गेले. निवेदन रिचर्ड डिंबलबी या अत्यंत विश्वासू मानल्या गेलेल्या निवेदकाचे. पुष्कळ प्रेक्षकांनी ते खरे मानले. काहींनी तर ते झाड कसे लावावे याची चौकशी केली. यात कोणाचे नुकसान झाले नाही. तथापि एक गोष्ट दिसून आली. लोक फसले ते मूर्ख म्हणून नव्हे, तर ज्या जागी नेहमी खरे सांगितले जाते त्या जागी पाटी न लावता थट्टा केली गेली म्हणून.

दुसरे उदाहरण २०१२ सालचे. अमेरिकेत 'द अनियन' नावाचे, संपूर्ण रचलेल्या बातम्यांचे एक विनोदी पत्र आहे. त्याने त्या वर्षी उत्तर कोरियाचे हुकूमशहा किम जोंग उन यांना हयात पुरुषांतील सर्वांत आकर्षक पुरुष म्हणून जाहीर केले. चीनमधील 'पीपल्स डेली' या सरकारी पत्राच्या इंटरनेट आवृत्तीने ती बातमी खरी समजून, किम यांच्या ५५ चित्रांच्या मालिकेसह, पुनःप्रसिद्ध केली. 'अनियन'च्या अंकात ती थट्टा होती. अंकाबाहेर काढताच ती बातमी झाली. बहुरूप्याचा पोशाख तोच, पण तो चुकून खऱ्या चौकीत जाऊन बसला.

आज हे रोज घडते. कार्यक्रमातील दीड मिनिटाचा तुकडा कोणी कापतो, त्याची पाटी गळून पडते आणि तो तुकडा या भ्रमणध्वनीवरून त्या भ्रमणध्वनीवर फिरत राहतो. शंभराव्या माणसाकडे तो पोहोचतो तेव्हा ती थट्टा होती हे सांगणारे कोणी उरलेले नसते. म्हणून सदरांची ही जुनाट वाटणारी चौकट मला विनोदाची शोभा वाटत नाही, त्याचा प्रामाणिकपणा वाटतो.

आता पैशाची गोष्ट. बहुरूपी बिदागी कोणाकडून घेतो, यावर तो कोणाची थट्टा करू शकतो हे अवलंबून असते. 'ब्यूगल'चा खर्च 'द टाइम्स' करीत होते; आणि 'द टाइम्स' होते रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज इंटरनॅशनल या कंपनीचे. त्याच कंपनीचे दुसरे पत्र होते 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'. २०११ च्या जुलैत उघड झाले की, या पत्रासाठी काम करणाऱ्यांनी एका खून झालेल्या शाळकरी मुलीच्या भ्रमणध्वनीवरील निरोप चोरून ऐकले होते. इंग्लंड संतापले. १८४३ साली निघालेले ते पत्र १० जुलै २०११ च्या अंकाबरोबर बंद झाले. आता आपल्याच मालकाच्या घरी आग लागली असता बातम्यांची थट्टा करणाऱ्या दोघांनी काय करावे? गप्प बसावे, तर इतके दिवस इतरांवर केलेले सारे विनोद खोटे ठरतात. त्यांनी गप्प बसणे पत्करले नाही. त्यांनी मालकाचीही इतरांसारखीच खबर घेतली. ज्याचे मीठ खातो त्याच्याविषयी खरे बोलता येते की नाही, ही प्रत्येक विदूषकाची परीक्षा असते. या दोघांनी ती दिली.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'द टाइम्स'चा आश्रय संपला. एका घटनेमुळेच दुसरी घडली असे म्हणण्याचे कारण नाही. पुढे काय झाले ते मात्र बोधप्रद आहे. २०१२ पासून कार्यक्रम श्रोत्यांच्या ऐच्छिक वर्गणीवर उभा राहिला. कार्यक्रम फुकटच ऐकायला मिळे. ज्याला वाटेल त्याने पैसे पाठवावेत. दाराशी आलेल्या बहुरूप्याला आपण देतो तसेच हे देणे. आणि पुढील काळात या वर्गणीदारांसाठीही एक सदर निघाले! अधिक वर्गणी देणाऱ्यांची नावे अंकाच्या शेवटी झाल्ट्झमन वाचतात आणि प्रत्येकाविषयी एकेक धडधडीत खोटी गोष्ट सांगतात. सदराचे नावच मुळी 'वर्गणीदारांविषयीच्या थापा' अशा अर्थाचे आहे. आपल्याकडे देणगीदारांची नावे वाचताना सभेला जांभया येतात. तेथे लोक स्वतःविषयीची थाप ऐकण्यासाठी पैसे मोजतात. मी म्हणतो तो मुद्दा येथे पूर्णपणे दिसतो. ही थाप आहे असे सांगून मारलेली थाप कोणालाच फसवीत नाही. उलट देणारा, घेणारा व ऐकणारा या तिघांत एक विश्वास निर्माण करते.

पुढे ऑलिव्हर यांचा व्याप वाढला. २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एचबीओ वाहिनीवर त्यांचा 'लास्ट वीक टुनाइट' हा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे 'ब्यूगल' विरळ होत गेला व काही काळ थांबला. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये झाल्ट्झमन यांनी तो पुन्हा सुरू केला. आता ऑलिव्हर नाहीत. त्यांच्या जागी एक कायमचा जोडीदारही नाही. दर अंकाला निरनिराळे पाहुणे येतात. इंग्लंडचे नीश कुमार, ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलिस फ्रेझर, अमेरिकेचे हरी कोंडाबोलू, आणि आपल्या देशातून अनुवब पाल व मुंबईच्या विनोदकार अदिती मित्तल. त्यामुळे हिंदुस्थानातील निवडणुका, क्रिकेट आणि सरकारी कारभार यांच्या गोष्टी तेथे आतल्या माणसाच्या तोंडून ऐकू येऊ लागल्या. यातही सदरांचे सामर्थ्य दिसते. मुख्य नट गेला तरी नाटक बंद पडले नाही, कारण आरंभीची घोषणा तीच, केराची टोपली तीच. नवा पाहुणा कोणत्याही देशाचा असो, त्या चौकटीत उभा राहिला की श्रोत्याला परका वाटत नाही. झाल्ट्झमन २०२० पासून बीबीसीच्या 'द न्यूज क्विझ' या कार्यक्रमाचेही सूत्रचालक आहेत; तो बातम्यांवरील विनोदी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम १९७७ पासून चालत आला आहे. म्हणजे ही परंपरा कोणा एका माणसाची नाही.

आता जो प्रश्न मी मघाशी राखून ठेवला होता त्याकडे वळू. बातम्यांवर हसणे चांगले का? आक्षेप असा की, हसल्याने राग निवतो. अन्याय ऐकला, त्यावर एक झकास विनोद ऐकला, पोटभर हसलो आणि झोपी गेलो. कर्तव्य केल्याचे समाधान फुकट मिळाले. राज्यकर्त्यालाही हे सोयीचेच. हा आक्षेप क्षुल्लक नाही. मी स्वतः त्याला पुरता उत्तर देऊ शकेन असे समजत नाही. पण त्याच्या दोन्ही बाजू दाखवणारा एक प्रसंग सांगता येईल.

१ जून २०१४ रोजी ऑलिव्हर यांनी आपल्या नव्या कार्यक्रमात इंटरनेटच्या समान वागणुकीचा विषय घेतला. तार पुरवणाऱ्या कंपनीने अधिक पैसे देणाऱ्याचा मजकूर वेगाने व इतरांचा सावकाश न्यावा काय, असा तो प्रश्न. विषय इतका रुक्ष की त्यावर कोणी हसेल अशी शंकाही येऊ नये. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने या प्रश्नावर लोकांचे अभिप्राय मागवले होते. ऑलिव्हर यांनी विषय हसवत समजावून सांगितला आणि प्रेक्षकांना 'तुमचा अभिप्राय लिहा' म्हणून चिथावले. लोटच्या लोट असा आला की आयोगाची अभिप्राय घेणारी यंत्रणा अडखळली. २०१५ च्या फेब्रुवारीत आयोगाने समान वागणुकीचे नियम मंजूर केले. म्हणजे हसणारे लोक नुसते हसून राहिले नाहीत. परंतु गोष्ट येथेच संपवली तर मीही तोतयाच ठरेन. २०१७ च्या डिसेंबरमध्ये, सरकार बदलल्यावर, आयोगाने तेच नियम रद्द केले. २०२४ साली ते पुन्हा आणले गेले. आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने ते मोडीत काढले. तात्पर्य, विनोद माणसाला दारापर्यंत आणून सोडतो. दाराच्या आत जाऊन रोज बसणे, मत देणे, पाठपुरावा करणे ही कामे विनोदाची नव्हेत. ती नागरिकाची आहेत, आणि त्यांत हसू फारसे नसते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. बातमीची थट्टा करणारा बातमीचा शत्रू नव्हे. शत्रू तो, जो खोटी बातमी खऱ्याच्या पोशाखात आणून बसवतो आणि टोपी कधीच काढत नाही. तोतयाला सदरे नसतात, केराची टोपली नसते, 'आता थापा मारतो' असे सांगण्याची हिंमत नसते. आपल्या भ्रमणध्वनीवर उद्या सकाळी जे काही येईल, त्याची पाटी आधी पाहावी. हे कोणी म्हटले, कोणत्या कार्यक्रमात, कोणत्या सदरात? पाटी दिसली आणि ती थट्टेची असली, तर मोकळेपणी हसावे. पाटी दिसली नाही, तर पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. केराची टोपली प्रत्येक घरात असते. ती वापरण्याचा अधिकार संपादकापुरताच राखीव नाही.

आणि दारी खरा बहुरूपी आला, मग तो खाकी पोशाखात येवो की कानातील यंत्रातून येवो, तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. सोंग घेऊन खरे सांगणारा माणूस प्रत्येक गावाला लागतो. आणि बिदागी देणारे घर असल्यावाचून तो त्या गावात टिकत नाही.